पहिली नोंद

रस्ता अर्धा ओलांडून झाल्यावर तिला तो आकडा ओळखू आला आणि ती होती तिथेच उभी राहिली. सिग्नल तिच्या बाजूचा होता, पण संपत आला होता. उजवीकडच्या गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, "अहो बाई, मरायचंय का? मग आमच्याच गाडीखाली कशाला?" मागून कुणीतरी हसलं. ती पुढे झाली, फुटपाथवर चढली, औषधाच्या दुकानाच्या पायरीशी थांबली आणि आकडा पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिला. अकरा अंकी मतदार क्रमांक होता. शेवटचे चार, सहा शून्य चार एक. चार दिवस ती असलेच आकडे बघत होती, हजारोंनी; जेवताना ते ताटात दिसत, डोळे मिटले की पापणीच्या आतून सरकत. त्यांतला हा एक एकोणीस वेळा आला आहे हे तिला काल दुपारीच कळलं होतं. कुणाचा ते तिने उघडून पाहिलं नव्हतं. नोंद उघडली की उघडणाऱ्याचंही नाव त्या नोंदीच्या इतिहासात चढतं, आणि तपास पुरा होईपर्यंत नमुन्याला हात लावायचा नाही ही तिची शिस्त. आणि आता भर रस्त्यात, काही संबंध नसताना, तो आकडा तिच्या डोक्यात आवाजासकट उमटला होता. आवाज काकांचा होता. सहा शून्य चार एक, उठली का बाई, असं ते रोज सकाळी यंत्र सुरू करताना पुटपुटत.

काका म्हणजे मतदार नोंदणी कार्यालयातल्या मयत विभागाचे मुख्य लिपिक. मेलेल्यांची नावं यादीतून कमी करणं हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम; त्यावरून सगळे त्यांना खोडरबर म्हणत, पाठीमागेही आणि तोंडावरही, कारण ते चिडत नसत. दोन वर्षांपूर्वी ती विज्ञानाची पदवी घेऊन, माहिती तपासायच्या कंत्राटी जागेवर तिथे आली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला शेजारी खुर्ची ओढून दिली होती. "यंत्र सुरू केलंस की आधी एक नोंद उघडायची. रोज तीच. तुला तोंडपाठ असलेली. वय, घर क्रमांक, फोटो, सगळं. ती जशीच्या तशी आली की समजायचं, आज यादी शुद्धीवर आहे. एक अक्षर इकडचं तिकडे दिसलं तर कामाला हात लावायचा नाही." प्रयोगशाळेत तुलनेसाठी एक नमुना बाजूला जपून ठेवतात, तेच हा माणूस कुणी न शिकवता करत होता, याचं तिला केवढं अप्रूप वाटलं होतं. विभागातल्या प्रत्येकाची अशी एक नोंद होती. कुणाची जुन्या मास्तरांची, कुणाची घरमालकाची. तिने स्वतःची निवडली. "स्वतःची कशाला?" काका म्हणाले होते, "आपण जिवंत आहोत हे आपल्याला ठाऊक असतंच की."

हे सगळं सुरू झालं एका वर्तमानपत्रामुळे. निवडणूक अडीच महिन्यांवर आलेली आणि पहिल्या पानावर भला मोठा मथळा: मतदारयादी परदेशी हातात. खाली कार्यालयाच्याच लॉगिनच्या तक्त्याचा फोटो, तारखांवर काळी पट्टी मारलेला. परक्या देशातल्या एका पत्त्यावरून आपल्या मतदारांच्या हजारो नोंदी उघडल्या गेल्या असा दावा. फोटो खरा होता. पत्ताही खरोखर परदेशातला होता. साहेबांनी तिला बोलावलं. "काय भिंगबाई," ते म्हणाले, कारण कार्यालयात तिला भिंग म्हणत, "दावा खरा की खोटा? मला एका ओळीत हवंय." "ओळ शेवटी येईल साहेब, आधी पानं येतील," ती म्हणाली, आणि साहेबांना ते आवडलं. चार दिवसांत तिने पानं जमवली. एकोणीस दिवस, चार हजार एकशे बारा नोंदी. एकही उतरवून घेतलेली नाही, एकीचीही प्रत काढलेली नाही. एकेक उघडून, वाचून, त्यांतल्या सहाशे अकरा कमी केलेल्या. त्यांतली दर दहावी तिने मृत्यूच्या दाखल्याशी ताडून पाहिली. माणसं खरोखरच मेलेली होती. इतका इमानदार शत्रू तिने उभ्या जन्मात ऐकला नव्हता. म्हणजे हात आपलाच होता, फक्त परदेशात बसून काम करत होता. खातं होतं 'मयत-दोन', जे विभागातले पाचही लिपिक वापरत. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिकटवलेला. कार्यालयाबाहेरून यादी उघडणं म्हणजे सरळ बडतर्फी, मग देशाबाहेरून तर बोलायलाच नको. काल संध्याकाळी तिने एवढं सांगितलं तेव्हा साहेबांनी मोठा श्वास सोडला. "मग झालं तर. परदेशी हात नाही, दावा खोटा. आता कोण ते खणत बसू नकोस. खातं पाचांचं असल्यामुळे व्यक्ती निश्चित करता येत नाही, एवढं टाक. पाचांना एकेक मेमो देऊ, की सगळे आपापल्या जागी." "खरंच करता येत नाही," ती म्हणाली होती. आणि काल ते खरं होतं.

आता नव्हतं. अर्ध्या रस्त्यात ते वाक्य खोटं झालं होतं. त्या एकोणीस दिवसांत काका मोतीबिंदूच्या रजेवर होते. त्यांची एकुलती एक मुलगी परदेशात असते. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. नाव लिहिलं तर एकतीस वर्षांवर पाणी, नाही लिहिलं तर पाच मेमो, आणि तेही कपाटात धूळ खात पडणारे. चालता चालता तिने दोन्ही पारड्यांत टाकून पाहिलं, आणि दुसऱ्या चौकाशी येईपर्यंत तिच्या ध्यानात आलं की आपण काही तोलत नाही आहोत, आपण आनंदात आहोत. पोटाच्या वर, बरगड्यांच्या मधोमध काहीतरी गार आणि स्वच्छ पसरत होतं. गणिताचं उत्तर मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळलं की व्हायचं तसं. मग तिला बाकीच्या चौघांची आठवण झाली. चार निरपराध माणसांवर संशय का राहावा? हा विचार फार चांगला होता. तो तिने जिन्यापर्यंत बरोबर नेला. जिन्यावर तिला स्वतःशीच कबूल करावं लागलं की कालपर्यंत त्या चौघांची काळजी तिला एकदाही वाटली नव्हती. त्यांतल्या एकाचं आडनावसुद्धा तिला चटकन आठवेना.

ती नऊ वर्षांची असताना आत्या त्यांच्याकडे राहायला आली होती. आत्याचा नवरा परदेशी गेलेला, महिन्याला पत्र यायचं. आत्या ते जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवायची, मधल्या काही ओळी गाळून, गालात हसत. रिकामं पाकीट भाचीला मिळायचं, तिकिटासाठी. सहाव्या पाकिटाला तिच्या लक्षात आलं की तिकिटं परदेशी आहेत, पण एकावरही टपालाचा शिक्का नाही, आणि कडेला डिंकाचा पिवळा ओघळ आहे. ती दोन महिने गप्प राहिली. घाई केली नाही. आणखी दोन पाकिटं जमू दिली, आणि मग एका रविवारी सगळे बसलेले असताना आठही पाकिटं ओळीने मांडून म्हणाली, "ही पत्रं टपालाने आलेलीच नाहीत." आत्या पाणी वाढत होती. पेला भरला, वाहू लागला, टेबलाच्या कडेवरून पाणी तिच्या पायांवर आलं तरी ती ओततच राहिली. बाबा म्हणाले, "पोरगी काय हुशार आहे बघा." ते पहिल्यांदा हे म्हणाले, बाकीचं सगळं त्यानंतर बोलले. चार दिवसांनी आत्या कुठल्याशा वसतिगृहात गेली, आणि पुढे घरात तिचा विषय दार लोटून निघायचा. भाचीला मात्र तो रविवार फारसा आठवत नसे. तिला आठवत ते आधीचे दोन महिने. आत्या वाचून दाखवायची, सगळे ऐकायचे, आणि आपल्याला ठाऊक असायचं. गोड गोळी जिभेखाली धरून ठेवावी, चावू नये, तसं.

टेबलाशी येऊन तिने ती नोंद उघडली. आता हरकत नव्हती, तपास संपला होता. एका बाईचा फोटो आला, नेमका पापणी मिटताना काढलेला, त्यामुळे ती झोप आवरते आहे असं वाटत होतं. आडनाव काकांचं, घर क्रमांक काकांचा. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. इथे त्या होत्या. वय सत्तावन्न. गेल्या तेव्हा एक्कावन्नच्या होत्या. यंत्र दर वर्षी एक मिळवत गेलं होतं. जगाची मेलेली माणसं एकतीस वर्षं चोखपणे खोडणाऱ्याने हे एक नाव ठेवलं होतं आणि रोज सकाळी त्यावरून तो यादी शुद्धीवर आहे की नाही ते ठरवत होता. तिने अहवालाचा पाचवा परिच्छेद लिहायला घेतला. 'प्रत्येक सत्राच्या प्रारंभी उघडलेली नोंद एकच असून' अशी सुरुवात केली आणि शेवटी काकांचं पद आणि पूर्ण नाव घातलं. साहेबांनी सांगितलेल्या एका वाक्याऐवजी नऊ ओळी झाल्या. वाक्यं तिने दोनदा वाचली. एकही विशेषण नव्हतं. अहवाल साहेबांकडे पाठवून तिने पाण्याची बाटली उघडली तेवढ्यात काका आले.

डोळ्यांवर काळा चष्मा होता. ऑपरेशननंतर महिनाभर लावायचा सांगितलाय म्हणत. "काय भिंग, सापडला का तुझा परदेशी?"

"डोळा कसा आहे काका?"

"धूसर आहे गं अजून. डॉक्टर म्हणतो, वेळ लागेल."

"कुठला केला?"

"डावा."

मागच्या आठवड्यात उजवा होता. "थेंब किती वेळा घालायचे?" तिने विचारलं. "तीनदा," काका म्हणाले, मग म्हणाले, "चारदा." "आणि वाकायचं नाही ना?" "छे छे, वाकायचं नाव नाही," असं म्हणून ते खाली वाकले आणि तिच्या टेबलाखालून स्टूल ओढून त्यावर बसले. तिला हसू आलं नाही, आणि पुढचा प्रश्न तिने न विचारता, चवीने तसाच धरून ठेवला.

"मला एक कळत नाही," काका म्हणाले, "आपल्या मेलेल्यांची नावं चोरून तो परदेशी करणार काय? त्यांच्याकडे त्यांचे कमी आहेत?" स्वतःच्या विनोदावर ते थोडे हसले, मग गंभीर झाले. "पण सोडू नकोस हं त्याला. यादी म्हणजे घर असतं गं. कुणी परका आत शिरतो, आपल्या माणसांचे फोटो बघतो, म्हणजे काय? तू असं कर, तो पहिल्यांदा काय उघडतो ते बघ. माणूस नाव बदलेल, गाव बदलेल. पहिली नोंद बदलत नाही."

"बघितलं," ती म्हणाली, आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला.

फिरवायची काही गरज नव्हती. हे तिला फिरवतानाच कळत होतं. एकोणीस ओळी होत्या, एकाखाली एक, तोच आकडा. काकांनी पहिल्या ओळीशी चष्मा काढला. धूसर डोळा सरसर खाली आला. "हा तर..." ते म्हणाले, "ही त्याला कुठे सापडली? हिला कशाला उघडतोय तो हरामखोर? रोज?" त्यांचा आवाज एवढा चढला की पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी माना वळवल्या. मानेवरची शीर फुगली होती, आणि तिने बाजूची कळ दाबून तक्ता थोडा सरकवला, तारखांचा रकाना दिसेल इतकाच. मग तिने त्यांना गणित करू दिलं. त्यांचे ओठ हलत होते. तीन तारीख. चार तारीख. सहाव्या की सातव्या ओळीशी ओठ थांबले. राग चेहऱ्यावरून लगेच गेला नाही, तो तिथेच राहिला, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला. असं होताना तिने आधी एकदाच पाहिलं होतं.

"पडदा तर आपलाच होता गं," काका म्हणाले. "तेच निळं पान, त्याच रांगा. मला वाटलं, मी इथेच बसलोय."

ती ऐकत होती.

"बाळंतपणाला हिने जायचं. ही नाही, मग गेलो मी. निवडणुकीमुळे रजा मिळेना, म्हणून डोळ्याचं निमित्त काढलं. दोन हजार मयत तसेच पडलेले. दुपारी पोरगी झोपली, बाळ झोपलं की बसायचो जरा. काम मागे राहू नये." त्यांनी चष्मा हातात उलटसुलट केला. "नात झाली. दोन किलो नऊशे. कुणाला सांगताच आलं नाही बघ. मोतीबिंदूला नात कशी होईल?" हे ऐकून ते स्वतःच हसले, आणि हसणं कुठे थांबवायचं ते त्यांना कळेना. मग म्हणाले, "लिहिणार?"

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली. अहवाल जाऊन दहा मिनिटं झाली होती.

"लिही गं. तुझं काम आहे. माझं नाव मीच देतो, कबुली लिहून देतो, हवी तिथे सही करतो. फक्त त्या पहिल्या नोंदीचं काढ. हिला त्यात आणू नकोस. लोक काय काय म्हणतील. कबुली मिळाल्यावर तुला पुराव्याची काय गरज?"

बोलणं अगदी रास्त होतं. वर जाऊन साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी आनंदाने पाचवा परिच्छेद फाडला असता. त्यांनी तर अजून चहासुद्धा घेतला नसेल. पण कबुली म्हणजे पुरावा नव्हे. माणसं काय वाटेल ते कबूल करतात, प्रेमापोटी तर हमखास. कबुलीवर उभा केलेला निष्कर्ष हा कुणाचाही असू शकतो. एकोणीस ओळींवर उभा केलेला निष्कर्ष तिचा होता. "बघते," ती म्हणाली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर, ठेवू की नको असा, आणि चष्मा पुन्हा लावून आपल्या जागेवर गेले. ती पाणी प्यायली. बाटली संपली तरी उठली नाही.

"नाव कशाला घातलंस?" दुपारी साहेबांनी विचारलं. "नको म्हटलं होतं ना?" "निश्चित करता आलं, साहेब." साहेब तिच्याकडे जरा बघत राहिले, घरात नवीन आणलेला कुत्रा आधी कधी कुणाला चावलाय का असं विचारावं तसे. लिहून समोर आल्यावर त्यांना ते न वाचल्यासारखं करता येईना. दावा खोटा ठरला. परदेशी कुणी आत आलं नव्हतं, माहिती बाहेर गेली नव्हती. हे वर्तमानपत्राने सातव्या पानावर, खाली डावीकडे छापलं. पहिल्या पानावर काकूंचा फोटो आला, झोप आवरणारा. मेलेली बायको मतदार! खोडरबरने घरचं नाव का खोडलं नाही? काकूंच्या नावावर सहा वर्षांत एकही मत पडलेलं नाही, हे तिने सगळी केंद्रं तपासून सातव्या परिशिष्टात लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नाही. वाचलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, कारण त्या परिशिष्टावर तिने फार मेहनत घेतली होती. नवव्या दिवशी काका बडतर्फ झाले. त्यांच्या खुर्चीवर तिला बसवलं, कंत्राट जाऊन कायमची.

त्या खुर्चीवरून तिने जी पहिली नोटीस पाठवली ती काकूंना. नियमच तसा होता: नाव कमी करण्यापूर्वी राहत्या पत्त्यावर त्याच व्यक्तीच्या नावाने पत्र जातं, की आपण हयात नसल्याचे समजते, सात दिवसांत कळवावे. घरच्यांनी स्वतः दाखला आणून दिला तर यादीत शेरा पडतो, 'कुटुंबाच्या माहितीवरून'. नाहीतर शेरा पडतो, 'हेतुपुरस्सर लपविलेली नोंद', आणि तो नावापुढे छापून वस्तीतल्या फलकावर लावतात. सातव्या दिवशी सकाळी काका खिडकीशी आले, रांगेत उभे राहून. दाढी वाढली होती. कागद मात्र खाकी पाकिटात, टाचणी डाव्या कोपऱ्यात, तिरपी. तिने अर्ज पाहिला, दाखल्याची प्रत पाहिली, उलटली.

"काका, हे साक्षांकन चालणार नाही."

"का? शिक्का आहे की."

"सही तुमची आहे."

काकांनी काचेला नाक लावून पाहिलं. एकतीस वर्षं दिवसाला चाळीस प्रती साक्षांकित करणाऱ्या हाताने हीही केली होती, सवयीने, घरी बसून. "हो की," ते म्हणाले. "मी आता कोण?" मागचा एकजण म्हणाला, "आजोबा, आटपा की, आम्हालाही घरं आहेत." ते बाजूला झाले. दिवसभर ते इमारतीतच फिरत होते; कधी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर दिसत, कधी साहेबांच्या दाराशी. चारला खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना ते परत रांगेतून पुढे आले, तीच प्रत घेऊन.

"कुणी करत नाही गं सही. घाबरतात. साहेब मीटिंगमध्ये आहेत." त्यांनी कागद खिडकीतून आत सरकवला. "तुला आता अधिकार आहे ना? तूच कर. तू ओळखतेस मला."

पेन तिच्या हातात होतंच. अधिकार होता. शिक्का डावीकडे होता, शाई ओली होती. "जिने अर्ज घ्यायचा तिने साक्षांकन करायचं नसतं, काका," ती म्हणाली. "हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं होतं खरं," ते म्हणाले. त्यांनी कागद ओढून घेतला, पाकिटात घातला आणि वाट करून दिली. ते दारापर्यंत पोचले की नाही ते तिने पाहिलं नाही. तिने शेरा निवडला, दोनांतला दुसरा, यंत्राने खात्री आहे का विचारलं, तिने हो म्हटलं. खिडकीशी पुढचा माणूस आला होता, आईचं नाव कमी करायला. अर्ज दोन प्रतींत, दाखला मूळ, साक्षांकन दुसऱ्याच कार्यालयातलं, तारीख कालची, कुठे खाडाखोड नाही. त्याचे कागद इतके चोख होते की ते बघता बघता तिला भरून आलं.